आहे त्या स्थितीत

राजिवडा, रत्नागिरी
१८ जून २०२४

प्रिय नमू,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी पाठवलं असतं तर आधी विनीतच्या हातात पडलं असतं. त्याला सांगायचं ते मी नोटिशीत लिहिलंय. ती पोचली हे मला माहीत आहे, कारण पोचपावतीवर सही तुझी आहे. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, मेसेजही तुझ्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून कागद.

नोटिशीची भाषा कोरडी असते. ‘आपण हेतुपुरस्सर’ काय, ‘सदोष सेवा’ काय. वाचून तुला वाटलं असेल, ही कोण बाई? म्हणून तीच हकीकत माझ्या शब्दांत सांगते.

क्लिनिकचं भाडं परवडेना म्हणून मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी द्यायला लागले, हे तुझ्यादेखतच झालं. पावस, मालगुंड, निवळी असं स्कूटरवर फिरून लोकांच्या कंबरा सरळ करता करता माझीच कंबर धरली. गाडी बघायला लागले तेव्हा तू म्हणालीस, “विनीतचं दुकान असताना बाहेर कुठे जातेस गो?” मला तेच हवं होतं. जुनी गाडी ओळखीतूनच घ्यावी असं सगळेच सांगतात. दसऱ्याला तुम्ही गाडी दिलीत. तू बॉनेटवर हळद-कुंकू वाहून नारळ फोडलास, अम्मीनं दुवा पढून फुंकर मारली, आणि नाझिया म्हणाली, आता या गाडीला काही होणारच नाही.

गाडीचे आधीचे मालक चिपळूणचे होते. चिपळूण म्हटल्यावर एकवीसच्या पुराचं कोण विचारणार नाही? मीही विचारलं. विनीत म्हणाला, मालक पुण्याला नोकरीला असतात, पुराच्या वेळी गाडी तिकडेच होती, तिनं पाणी बघितलंसुद्धा नाही. मी तो विषय तिथंच सोडला.

थंडीचे दिवस बरे गेले. मग एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. वायपर मनाला येईल तेव्हा चालू व्हायचे. एकदा मालगुंडहून येताना समोरचे दिवेच गेले. विनीतनं दोनदा गाडी नेऊन दुरुस्त करून दिली, पैसे घेतले नाहीत, हे मी कुठेही नाकारणार नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मात्र त्यानं विक्रीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. खाली छापलेलं होतं, ‘वाहन आहे त्या स्थितीत विकले’, आणि त्याच्याखाली माझी सही. “जुन्या गाडीला गॅरंटी नसते, इशरत. तू शिकलेली आहेस,” तो म्हणाला.

एप्रिलमध्ये निवळीच्या उतारावर गाडी बंद पडली आणि बाजूच्या दरडीला घासली. फारसं काही झालं नाही. गॅरेजमध्ये मी पुढचा सीट बेल्ट परत आत जात नाही म्हणून ओढून बघत होते. ओढत ओढत तो पूर्ण बाहेर आला. आपण रोज जिथपर्यंत ओढतो तिथपर्यंत पट्टा धुतलेला, काळाभोर. त्याच्यापुढे हातभर तपकिरी. बोटानं घासला तर गाळ सुटून मांडीवर पडला.

मग मी चिपळूणच्या त्या मालकांना फोन केला. कपड्याचं दुकान आहे त्यांचं, पुण्याला ते कधी नोकरीला नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं की गाडी टपापर्यंत पाण्यात होती, विमा कंपनीनं ती बाद धरून त्यांना भरपाई दिली आणि गाडी लिलावात गेली. त्यांनाच आश्चर्य वाटलं की ती अजून रस्त्यावर आहे.

हे सगळं घेऊन मी पुन्हा विनीतकडे गेले होते. तो म्हणाला, मीही विकत घेतली तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. मग म्हणाला, सगळेच करतात. ही दोन्ही वाक्यं एकाच दमात. त्यानंतर मी नोटीस पाठवली.

तुझ्याकडून मला काही नको आहे. फक्त हे तू कागदावरच्या परक्या भाषेत वाचलंस, ते माझ्या तोंडून ऐकावंस असं वाटलं.

तुझी
इशरत


राजिवडा
११ ऑगस्ट २०२४

नमू,

परवा मारुती मंदिरापाशी तुला नाझिया दिसली. तिनं घरी येऊन सांगितलं, नमूमावशीनं स्कूटर थांबवली, माझ्या हाताकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेली. तिला वाटलं तू तिच्यावर रागावली आहेस. मी म्हटलं, घाईत असेल.

मागच्या पत्रात ‘फारसं काही झालं नाही’ असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. तुला सांगायचं नव्हतं म्हणून नाही सांगितलं. तुझं माणूस आहे ती, लहानपणी तुझ्याच मांडीवर झोपायची. पण तू आता हात पाहिलाच आहेस.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून ती माझ्यासोबत निवळीला आली होती. तिथे भागोजी म्हणून माझे एक म्हातारे पेशंट आहेत, अर्धांगवायूचे. त्यांच्याकडचे काजू खायला तिला आवडतं. परत निघालो आणि उतारावर गाडीतलं सगळं एकदम मेलं. समोरचे काटे खाली पडले, इंजिन बंद, स्टिअरिंग दगडासारखं. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा पाय नुसता लाकडावर ठेवल्यासारखा. डावीकडे जांभ्याची दरड होती, उजवीकडे काहीच नव्हतं. मी जीव खाऊन चाक डावीकडे ओढलं.

एअरबॅग उघडली नाही. मला बेल्टनं धरलं. नाझियाचा बेल्ट मात्र गाळानं आत अडकलेला होता, तो ताणला गेलाच नाही. ती पुढे आदळली आणि डावा हात कोपरापाशी मोडला. ऑपरेशन झालं, तार घातली, काढली. आता हात पूर्ण सरळ होत नाही. रोज मीच व्यायाम देते. लोकांच्या घरी जाऊन मी सांगते, ‘थोडं दुखेल, सोसा.’ स्वतःच्या मुलीचा हात दाबताना ती ओरडते तेव्हा मी तोंड भिंतीकडे करते. अम्मी तेवढा वेळ अंगणात जाऊन बसते.

उमेर तिचा बाप, पण त्यालासुद्धा मी पहिले पंधरा दिवस सांगितलं नव्हतं. तो जहाजावर, समुद्रात. सांगून काय करणार होता?

आणखी एक सांगायचं आहे, तेही माझ्याकडूनच कळावं म्हणून. विनीतनं नोटिशीला उत्तर दिलं नाही, तेव्हा मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील लावला नाही. आमच्या मोहल्ल्यातले अस्लमचाचा पूर्वी पोस्टात होते, आता ग्राहकांच्या तक्रारी लिहून देतात. मी त्यांना म्हटलं, चाचा, कागदावर माझी सही आहे, ‘आहे त्या स्थितीत’. ते म्हणाले, “बेटा, स्थिती लपवून ठेवली तर तुला कसं कळणार कुठल्या स्थितीत आहे? जुनी वस्तू जुनी म्हणून विकावी. बुडालेली वस्तू जुनी म्हणून विकता येत नाही.”

तक्रारीत नाझियाच्या हाताचं लिहिलंय. तुझं नाव कुठेही नाही.

इशरत


राजिवडा
१५ डिसेंबर २०२४

प्रिय नमू,

उत्तर येत नाही तरी लिहिते, कारण लिहिलं की डोकं शांत होतं. माझी पत्रं परतही आली नाहीत. म्हणजे तू ती घेतेस. वाचतेस की नाही ते तुझं तू जाणे.

विनीतच्या वकिलांनी आयोगात म्हणणं दिलं. तीन गोष्टी आहेत त्यात. एक, तो कागद आणि माझी सही. दोन, विनीत फक्त मध्यस्थ, गाडी विकली चिपळूणच्या मालकांनी. तिसरी वाचून मी हसले. मी म्हणे ‘ग्राहक’च नाही, कारण गाडी मी धंद्यासाठी वापरते. म्हणजे माझा धंदा आहे हे तुमच्या घरात पहिल्यांदाच मान्य झालं. आठवतं, विनीत मला नेहमी विचारायचा, अजून मालीश चालू आहे का?

अस्लमचाचांनी तिन्हींची उत्तरं लिहायला बसवलं. पैसे दुकानाच्या खात्यात गेले, पावती दुकानाची, जाहिरातीत ‘अपघात नाही, पाणी नाही, एकच मालक’ असं दुकानानंच लिहिलेलं. मग मध्यस्थ कसला? आणि स्वतःच्या हातांनी काम करून स्वतःचं पोट भरणारा माणूस कायद्यानं ग्राहकच असतो. माझ्याकडे नोकर नाहीत, गाड्यांचा ताफा नाही. आयोगानं एक तज्ज्ञ नेमून गाडी तपासायला सांगितली आहे. तोपर्यंत ती गॅरेजच्या मागे उभी आहे. तिच्या टपावर कोंबड्या बसतात.

मी पुन्हा एसटीनं फिरते. लांबचे पेशंट सोडावे लागले. भागोजींना मात्र सोडलं नाही. निवळीच्या थांब्यापासून त्यांचं घर बरंच आत आहे, चालत जाते. मागे गेले तर ते ओटीवर काठी टेकून उभे. म्हणाले, “डाक्टरीनबाय, तू चालत येतंस, मग मी कसो झोपून ऱ्हवू?” हे ऐकून परतीची वाट सोपी झाली.

लोक मात्र बोलतात. तुझ्या शाळेतल्या एक बाई मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, मैत्रिणीच्या नवऱ्याला कोर्टात खेचलंत, शोभतं का? घरी येऊन स्वतःला विचारलं. मला विनीतबद्दल वाईट बोलता येत नाही, नमू. अब्बांना अटॅक आला तेव्हा उमेर समुद्रावर होता आणि विनीतनं रात्री कोल्हापूरपर्यंत गाडी हाणली होती. तो माणूसही खराच होता. मला कळत नाही की जो अब्बांसाठी इतका धावला, तो नाझियाला त्या गाडीत कसा बसवू शकला. मग वाटतं, त्यानं नाझियाचा विचारच केला नसेल. त्याच्यासमोर फक्त गाडी होती आणि ती खपवायची होती.

थंडी पडली आहे. नाझियाचा हात सकाळी आखडतो. तरी आता ती स्वतःची वेणी स्वतः घालते, वाकडी.

तुझी
इशरत


राजिवडा
९ मार्च २०२५

नमू,

हे पत्र मात्र नीट वाच. इतके महिने तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज मागणार आहे.

तज्ज्ञाचा अहवाल आला. गाडीच्या पोटातली सगळी वायरिंग गंजलेली, एअरबॅगची जोडणी कुजलेली, गालिच्याखाली गाळ. वापरायला धोकादायक, असं स्वच्छ लिहिलंय. त्यावर आयोगानं दोघांना विचारलं, तडजोड करून बघता का? मी हो म्हटलं. विनीतही हो म्हणाला.

परवा त्यासाठी गेले होते. आत बोलावणं यायचं होतं, त्याचे वकील चहाला खाली गेलेले. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघंच, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तो बारीक झालाय. दाढी वाढलीय. शेवटी तोच बोलला. म्हणाला, “लिलावातून तीन गाड्या उचलल्या होत्या. बाकीचे दोघं काही बोलले नाहीत. तुझीच गाडी नेमकी अशी निघाली.”

तो तक्रारीच्या सुरात बोलत होता, नमू, जसं काही त्याचंच नशीब वाईट. आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलंसुद्धा नाही.

आत गेलो. विनीतनं सगळे पैसे परत करायची तयारी दाखवली. नाझियाच्या उपचारांचा खर्चही. मी मनात म्हटलं, संपलं एकदाचं. पेन हातात घेतलं. मग सहज विचारलं, गाडीचं काय करणार? तो म्हणाला, माझी गाडी मला परत मिळाली की मी काय करायचं ते करीन. मी म्हटलं, ती पुन्हा विकणार नाही, भंगारात देईन, एवढं लिहून दे. त्याचे वकील म्हणाले, असं काही लिहून देता येणार नाही. तसं लिहिलं तर गाडी खराब होती हे कबूल केल्यासारखं होतं. मी पेन खाली ठेवलं.

उमेरला फोनवर सांगितलं तर तो खूप चिडला. तो क्वचित चिडतो. म्हणाला, हातात आलेलं सोडलंस, आता वर्षानुवर्षं खेटे घाल. दुनियेचा ठेका तू घेतलायस का? त्याचं चूक नाही. मला गाडी हवी आहे, पेशंट हवे आहेत. सही केली असती तर उन्हाळ्यात मी पुन्हा मालगुंडला जात असते. आणि ती गाडी नवीन गालिचा घालून दुसऱ्या कुणाच्या अंगणात उभी राहिली असती. कुणीतरी तिच्यावर नारळ फोडला असता. मला ते दिसत राहिलं, म्हणून सही झाली नाही. यात मोठेपणा काही नाही.

आता मागणं. ती दुसरी दोन घरं कोणती, मला माहीत नाही. विनीतनं व्हरांड्यात सांगितलं ते तो आत नाकारेल. पण गाडी देताना दुकानाच्या फेसबुकच्या पानावर फोटो टाकायचीस ते तू. हार घालायला पुढे असायचीस ते तू. ती माणसं तुला ठाऊक असणार.

माझ्यासाठी साक्ष दे असं मी म्हणत नाही. आयोगात येऊ नकोस, मला फोन करू नकोस, या पत्राचं उत्तरही देऊ नकोस. विनीत तुझा नवरा आहे, त्याच घरात तुला राहायचंय, हे मला कळतं. फक्त त्या दोन घरांना कळव, गाडी उभी करा म्हणून. त्यांच्याकडेही मुलं असतील.

पुढे तुझ्या मनाला येईल तसं.

इशरत


राजिवडा
२१ जुलै २०२५

नमू,

आज तारीख होती. पाऊस धो धो, मी छत्री असून भिजून पोचले. व्हरांड्यात एक जोडपं उभं होतं, तिशीच्या आतलं. मला म्हणाले, तुम्ही इशरतताई का? दापोलीहून आले होते, पहाटेच्या एसटीनं. संदेश आणि सानिका. कलमांची रोपवाटिका आहे त्यांची. गाडीतून रोपं पोचवतात आणि मुलाला बालवाडीत सोडतात.

संदेशनं मला सगळं सांगितलं. संध्याकाळी झाडांना पाणी घालत होता, अनोळखी नंबरवरून फोन आला. त्याला वाटलं रोपांची ऑर्डर. बाई म्हणाल्या, “मी नम्रता. तुम्हाला गाडी विकली त्या विनीतची बायको. ती गाडी पुरात बुडालेली होती. तुम्हाला खोटं सांगून दिली. आजपासून मुलाला तिच्यात बसवू नका.”

संदेशला आधी खोटंच वाटलं. त्यानं विचारलं, तुमच्याच दुकानाचं तुम्ही का सांगताय? तू इतकंच म्हणालीस म्हणे, फोन करायला उशीर झाला. आणि माझ्या तक्रारीबद्दल सांगून ठेवून दिलास.

नाव सांगून फोन करशील असं मला वाटलं नव्हतं, नमू. मला वाटलं होतं, केलाच तर निनावी करशील. मी तुझ्या जागी असते तर निनावीच केला असता.

त्यांनी गाडी तपासून घेतली. तीही तशीच. स्वतःची वेगळी तक्रार ते दाखल करणार आहेत, आणि माझ्या तक्रारीत संदेशनं शपथेवर लिहून दिलं. विनीतच्या वकिलांनी हरकत घेतली, आता उशीर झाला म्हणाले. अध्यक्ष मॅडमनी कागद वाचून ठेवून घेतला. विनीत मागच्या खुर्चीवर होता. दापोलीच्या दोघांना बघून त्यानं मान खाली घातली. यांना कोणी कळवलं हे त्यानं कुणालाच विचारलं नाही. त्यावरून मला कळलं की त्याला माहीत आहे. आणि मला भीती वाटली, तुझ्यासाठी.

तिसऱ्या गाडीचं मात्र कळलं नाही. ती ज्यांनी घेतली होती त्यांनी पुढे पनवेलकडे कुणाला तरी विकली, असं तू संदेशला सांगितलंस. ती अजून कुठेतरी पळते आहे. घाटात उतारावर लागलेल्या अनोळखी गाड्यांकडे मी आता एसटीच्या खिडकीतून बघत राहते.

घरी काय झालं? तू बरी आहेस ना? हवं तर नुसता कोरा कागद पाकिटात घालून पाठव, मी समजेन. अम्मी म्हणते, तुझ्या माहेरी संगमेश्वरला जाऊन चौकशी करून ये. मी म्हटलं, तिनं बोलावल्याशिवाय कसं जायचं?

तुझी
इशरत


राजिवडा
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय नमू,

आयोगाचा निकाल गेल्या महिन्यात लागला हे तुला माहीत आहेच. पैसे व्याजासकट परत करायचे, नाझियाच्या उपचारांचं आणि त्रासाचं वेगळं द्यायचं, आणि ती गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी पुन्हा विक्रीला ठेवायची नाही. शेवटचं कलम वाचून अस्लमचाचांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. उमेर फोनवर इतकंच म्हणाला, ठीक केलंस. विनीत अपिलात जाईल असं सगळे सांगत होते. तो गेला नाही. का, ते काल तुझ्याकडून कळलं.

काल तू आलीस. अशी न सांगता, पायरीवर चपला काढून, जशी नेहमी यायचीस. अम्मीनं तुला जवळ घेतलं. तुझ्यासाठी तिनं केलेला शिरा तू दोनदा मागून घेतलास. नाझियानं हात सरळ करून दाखवला, म्हणजे जेवढा होतो तेवढा. तू तो हातात धरून ठेवलास, बराच वेळ. मग अम्मी नाझियाला घेऊन आत गेली आणि आपण दोघी बाहेर बसून राहिलो. मी चहाचे कप उचलले, परत ठेवले.

तू सांगितलंस की निकालानंतर आठवडाभर विनीत तुझ्याशी बोलला नाही, तेव्हा तू संगमेश्वरला गेलीस. मग तोच न्यायला आला. गाडीत म्हणाला, अपील करत नाही. तू पुन्हा कुणाला फोन करायच्या आधी मीच पनवेलच्या गाडीचा तपास लावतो. अजून लागलेला नाही. दुकानात आता मोजक्याच गाड्या आहेत, गिऱ्हाईक येत नाही, घरात बोलणं कामापुरतं आहे. हे सगळं तू पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलंस.

आणि मग म्हणालीस, “ते मालक चिपळूणलाच असतात हे मला माहीत होतं. तो पुण्याचं बोलला तेव्हा मला खटकलं होतं. मी विचारलं नाही.”

तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मला माहीत होतं, मी ‘असू दे गो’ म्हणावं म्हणून थांबली आहेस. मला ते म्हणता आलं नाही. ओठापर्यंत आलं होतं. पण आतून नाझियाचा आवाज येत होता आणि ते वाक्य मागे गेलं. मग तू उठलीस, ‘येते’ म्हणालीस, आणि मी फाटकापर्यंत सोबत आले.

म्हणून हे लिहिते. शेवटचं पत्र समज, कारण यापुढे समोरासमोर बोलता येईल असं वाटतं.

‘असू दे’ मी आजही लिहिणार नाही. ते खोटं होईल, आणि खोट्याचा आपल्याला पुरे अनुभव आला. तू विचारायला हवं होतंस. मीही आणखी विचारायला हवं होतं, पण मी मैत्रिणीच्या शब्दावर थांबले आणि तू नवऱ्याच्या. इतकं मला कळलं आहे. राग गेला का, तर नाही, सगळा नाही. काही सकाळी तो नाझियाच्या हातासारखा आखडलेला असतो, दुपारपर्यंत सैल होतो. पण दापोलीच्या त्या पोराला आज बालवाडीत कोण कशातून नेतं याचा विचार केला की तू त्या संध्याकाळी फोन हातात घेऊन बसलेली मला दिसतेस, आणि तेही मला विसरता येत नाही.

आता खरं कारण लिहायचं. काल निघताना तू खुंटीवरची छत्री काढायला उजवा हात वर नेलास आणि तो खांद्याच्या वर गेलाच नाही. तू डाव्या हातानं छत्री काढलीस. पदर सावरतानाही तू अंगच वळवतेस. मला वाटलं विचारावं, पण कालच्या त्या गप्पपणात ते बसलं नसतं. हा खांदा धरल्याला काही महिने झाले असावेत. फळ्यावर कशी लिहितेस? दुखणं रात्री जास्त होत असणार आणि तू कुणाला सांगितलं नसणार.

असाच ठेवलास तर तो आणखी आखडेल. सोमवारपासून संध्याकाळी शाळा सुटली की इकडे ये. पहिले काही दिवस बरंच दुखेल, हे आत्ताच सांगून ठेवते. वेळ लागेल. पूर्वीसारखा होईल की नाही, ते हात लावून बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

सैल बाह्यांचं काहीतरी घालून ये.

इशरत